राजभवनातलं हळदीकुंकू

"यंदा हळदीकुंकू का करत नाहीस?" हे म्हणाले, आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

सकाळची वेळ. राजभवनाच्या त्या बावीस खुर्च्यांच्या टेबलाच्या एका टोकाला आम्ही दोघं. हे पपई सुरी-काट्यानं खात होते. चाळीस वर्षं जो माणूस बोटांनी फोड उचलत होता, तो राज्यपाल झाल्यापासनं पपईचं ऑपरेशन करायला लागला होता.

"कुणाचं हळदीकुंकू?" मी विचारलं.

"कुणाचं म्हणजे? तुझं. संक्रांत झाली, रथसप्तमीला अजून अवकाश आहे. येत्या शुक्रवारी कर. आमदारांच्या बायकांना बोलाव. दोन वर्षं झाली इथं येऊन, लोक म्हणत असतील राज्यपालांची बायको माणूसघाणी आहे."

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. पहिल्या वर्षी मीच म्हटलं होतं की चार बायका बोलावते, तिळगूळ वाटते. तेव्हा हेच म्हणाले होते, "ही सरकारी जागा आहे, अनसा. इथं तुझी सुगडं मांडायची नाहीत." दुसऱ्या वर्षी मी विचारलंच नाही. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा हात पसरणाऱ्यातली मी नव्हे.

"एकाएकी कुठनं सुचलं?"

"सुचलं. यादी पेंढारकर देतील."

पेंढारकर म्हणजे ह्यांचे स्वीय सहायक. कोल्हापुरापासनं बरोबर. गोड बोलणं, स्वच्छ कपडे, पाच लिप्या लिहिता येतात. असा माणूस जवळ असला की मालकाला स्वतः काही करावं लागत नाही.

आधी सांगते कोण आम्ही. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. ज्याची भाकरी जन्मभर थापली त्याचं नाव घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. हिंदुराव थोरवत. बेचाळीसला तारा तोडल्या म्हणून तुरुंगात वेताचे फटके खाल्ले, पण बरोबरच्या एकाचंही नाव तोंडातनं काढलं नाही. ते बघून माझ्या बापानं मुलगी दिली. घरात दाणा नव्हता, पण बाप म्हणाला, ह्या माणसाच्या जिभेला हाड आहे. पुढं तालुका झाला, जिल्हा झाला, दोनदा मंत्रिपद झालं. मग एका निवडणुकीत सडकून पडले, आणि पडलेल्या म्हाताऱ्याला काय द्यायचं म्हणून दिल्लीनं राज्यपाल करून लांबच्या राज्यात पाठवलं. त्या राज्याचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं मला कधी वावगा शब्द बोलली नाहीत.

मी शाळा शिकले दोन यत्ता. मराठी अक्षराला अक्षर लावून वाचते. इंग्रजी म्हणजे मला मुंग्यांची रांग, आणि तिथली लिपी म्हणजे जिलेबी. पण माणसं मला वाचता येतात, असा मला फार गर्व होता. तो कसा उतरला ते पुढं येईलच.

तिथं मला एकच माणूस मराठी बोलणारं मिळालं, ते म्हणजे मुख्यमंत्र्यांची बायको. सरोजा. माहेर निपाणीचं, तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी. पस्तिशीची असेल. ह्यांच्या शपथविधीच्या दिवशी सगळ्या बायका माझ्यापुढं हात जोडून बाहुल्यांसारख्या उभ्या होत्या, तेव्हा ही हळूच कानाशी लागून म्हणाली, "आक्का, भाकरीचं पीठ मिळतंय का ओ हिथं? मला तर चार वर्षांत मिळालं नाही."

त्या दिवसापासनं दर मंगळवारी ती यायची. मी कोल्हापूरहून मागवलेल्या पिठाच्या भाकरी करायची, ती ओट्याला टेकून उभी राहून गरम गरम खायची. तिला आई नव्हती, मला मुलगी नव्हती. ह्यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

तिचा नवरा चाळिशीतला. हट्टी, तोंडाळ, पण पैसा खाल्ला असं त्याचे वैरीही म्हणत नव्हते. त्याच्या पक्षात त्या महिन्यात फूट पडली होती. आमदार रुसले, फुगले, कोणी म्हणालं पाठिंबा काढला, कोणी म्हणालं नाही काढला. मुख्यमंत्री ह्यांच्याकडं येऊन गेला. म्हणाला, मला विधानसभेत उभं राहून बहुमत दाखवू द्या. ह्यांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. मला हे सरोजानं सांगितलं.

"साहेबांनी शब्द दिला आक्का, सोमवारपर्यंत काही करणार नाही म्हणून. आमचे हे काल चार दिवसांनी पोटभर जेवले."

"दिला ना शब्द? मग झोप आता निवांत," मी म्हटलं. "ह्यांनी इंग्रजाच्या फटक्यापुढं शब्द मोडला नाही."

मी असं म्हणाले. माझ्या ह्या तोंडानं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी हळदीकुंकवाचं काढलं. मला वाटलं, म्हातारा शहाणा आहे. बायका एकत्र बसल्या की नवऱ्यांची भांडणं निवतात, हे आमच्या गावातल्या कुणालाही ठाऊक आहे. भावकीत वाद झाला की आधी जावा-जावा एकमेकींच्या घरी जातात, मग पुरुष येतात. मला ह्यांचं कौतुक वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला माझ्या नवऱ्याचं कौतुक वाटलं.

पेंढारकरांनी यादी आणून दिली. एकतीस नावं, जिलेबीच्या लिपीत. सरोजा आली होती. तिनं यादी वाचली आणि हसली.

"आक्का, ही यादी मजेशीर आहे ओ. आमच्या जवळच्या एकाही मंत्र्याची बायको ह्यात नाही. सगळ्या रुसलेल्यांच्या बायका आहेत."

"मग बरोबरच आहे की. न रुसलेल्यांना बोलवायला काय लागतंय. वाट रुसलेल्याची बघायची असते."

"ते बी खरंच."

तिनं बसून एकतीस पत्रिकांवर एकतीस नावं लिहिली. वळणदार अक्षर. काही जणी दूरच्या जिल्ह्यातल्या, त्यांना तिनं स्वतः फोन लावले. पेंढारकर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "वहिनीसाहेब, एक अडचण आहे. हल्ली फाटकावर पोलीस प्रत्येक गाडी उघडून बघतात. बायका दागिने घालून येणार, त्यांना संकोच वाटेल."

पोलीस कोणाचे, तर मुख्यमंत्र्यांचे. राजभवनात कोण जातं-येतं ह्यावर त्याची नजर होती, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं.

"त्यात काय," सरोजा म्हणाली. "मी सांगते कमिशनरना. आमच्या घरचंच काम आहे."

आणि तिनं तिथल्या तिथं फोन उचलून सांगितलं. शुक्रवारी चारनंतर बायकांच्या गाड्या अडवायच्या नाहीत, पडदे बाजूला करायचे नाहीत.

पेंढारकर म्हणाले, "फार उपकार झाले, बाईसाहेब."

वाण म्हणून मी कोल्हापुरी गुळाच्या ढेपा मागवल्या. पेंढारकरांचं म्हणणं होतं चांदीची कुंकवाची डबी द्यावी, शोभून दिसेल. मी म्हटलं, चांदी सगळ्यांकडं आहे, असा गूळ एकीकडंही नाही. किलो-किलोच्या एकतीस ढेपा, सरोजासाठी बत्तिसावी, प्रत्येकीला खणात बांधून.

शुक्रवारी चार वाजता गाड्या यायला लागल्या. पांढऱ्या अँबॅसिडर, काचांना पडदे. गाडी पोर्चमध्ये थांबायची, बाई उतरायची, गाडी मागच्या अंगाला जायची. मी दारात उभी. एक-दोघींच्या तोंडावर रंग नव्हता, हात लावला तर बोटं गार. मला वाटलं, राजभवन बघून बावरल्यात. मी आणखी मायेनं आत नेलं.

मोठ्या दिवाणखान्यात गालिच्यावर सगळ्या बसल्या. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. मध्ये सरोजा. ती कुणाची थट्टा करायची, मग मला मराठीत सांगायची. रुसलेल्या बायका कुठं रुसून राहतात? पण ह्या मोकळ्या होईनात. गूळ हातात घेतला तरी मान वर नाही. एक तर गूळ घेताना रडली. सरोजा म्हणाली, "हिला माहेरची आठवण आली वाटतं."

तेवढ्यात अंतोन माझ्या मागं येऊन उभा राहिला. अंतोन म्हणजे राजभवनाचा बटलर, गोव्याकडचा, केस पांढरे झालेला. सात राज्यपाल जेवू घातले होते त्यानं. माझ्याशी तो मोडकंतोडकं मराठी बोलायचा. आणि माझा त्याला दंडक होता की मला सांगितल्याशिवाय स्वयंपाकघरातनं चहाचा कपसुद्धा बाहेर जाता कामा नये.

"आईसाहेब, दरबार हॉलला बत्तीस चाय. सात बिनसाखर."

"दरबार हॉलात कोण आहे?"

"मोठी माणसं."

"किती मोठी?"

"चाय पितात तेवढी." मग आवाज आणखी खाली आणून, "पेंढारकरसाहेब बोलले मागच्या जिन्यानं न्यायची. इकडून नको. आईसाहेबांना सांगू नको."

"मग सांगितलंस कशाला?"

"स्वयंपाकघर तुमचं," अंतोन म्हणाला.

बघा माणसाची अक्कल. पोलीस चुकवले, पडदे लावले, दिल्लीपासनं गल्लीपर्यंत सगळं जुळवलं, पण चहा लागतोच. चहाशिवाय आमच्या देशात सरकार बसत नाही आणि पडतही नाही.

मी सरोजाला म्हटलं, "एवढं कुंकू लावून घे गं सगळ्यांना, मी आलेच." करंडा तिच्या हातात दिला आणि मागच्या व्हरांड्यानं गेले. दरबार हॉलच्या दाराशी पेंढारकर उभे.

"वहिनीसाहेब, आत बैठक आहे."

"बैठकीचा चहा माझ्या चुलीवरनं येतोय. सरका."

ते सरकले नाहीत. मी सरकवले.

आत रांगेनं खुर्च्या आणि खुर्च्यांवर पुरुष. मला बघून सगळे उठून उभे राहिले. समोर हिरव्या कापडाचं टेबल, टेबलामागं हे. एक कागद रांगेतनं हातोहात फिरत होता, त्याच्यावर एकेक जण सही करत होता. एकाच्या कोटाच्या खांद्याला मोगऱ्याची पाकळी चिकटलेली. बायकोच्या गजऱ्यातली. गाडीत बायकोच्या पायाशी, साडीच्या घोळात दडून आला होता तो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकतीस बायका तिकडं, एकतीस नवरे इकडं.

मी टेबलापाशी गेले.

"हे काय चाललंय?"

"अनसा, बायकांत जाऊन बस."

"बायकांतनंच आले. सोमवार कुठं गेला?"

"हळू बोल."

"ह्या लोकांना मराठी येत नाही. आणि मला हळू बोलता येत नाही, हे तुम्हाला लग्नाच्या दिवसापासनं ठाऊक आहे. सोमवार कुठं गेला?"

"सोमवारपर्यंत ह्यातले दहा तो परत फिरवील. तुला नाही कळायचं. वरनं निरोप आहे."

"वरनं म्हणजे देवाचा?"

"दिल्लीचा."

"मग दिल्लीच्या बायकोला करायला लावायचं होतं हळदीकुंकू."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाहेर त्याचे पोलीस आहेत. ही माणसं इथपर्यंत आणायला दुसरा मार्ग नव्हता."

"म्हणून माझ्या पदराखालनं आणलीत. मी कुंकवाचं आमंत्रण धाडलंय. ते पत्र तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. ती पोरगी आत माझा करंडा घेऊन ह्या माणसांच्याच बायकांना कुंकू लावतीय."

"हा राज्यकारभार आहे," हे म्हणाले.

"कारभार तुमचा असेल. हळदीकुंकू माझं आहे."

मी मागं वळले. दिवाणखान्यात आले. सरोजा गुडघ्यावर बसून एका म्हातारीला हळद लावत होती.

"चल माझ्याबरोबर."

"आक्का, अजून चारजणी राहिल्यात की."

"राहू देत."

माझा चेहरा बघून ती उठली. मी तिचा हात धरून व्हरांड्यातनं नेलं. पेंढारकर आडवे आले. मी म्हटलं, "पेंढारकर, आता मध्ये आलात तर मी तुम्हाला ह्या वयात हात लावीन." ते बाजूला झाले. पाठीमागनं अंतोन चहाचे ट्रे लादलेली चाकांची गाडी ढकलत येत होता. मी दार सताड उघडलं.

सरोजा उंबऱ्यात उभी राहिली. तिनं ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सगळ्यांकडं बघितलं. मला वाटलं रडंल, किंवा शिव्या देईल. मी असते तर दिल्या असत्या. ती वळली, अंतोनच्या गाडीवरचा पहिला ट्रे उचलला आणि आत गेली.

पहिल्या खुर्चीपासनं तिनं चहा द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला नावानं हाक मारून. ही सगळी माणसं इतकी वर्षं तिच्या घरी चहा प्यायलेली. कोणाला साखर, कोणाला बिनसाखरेचा, कोणाला दूध कमी, सगळं तिला पाठ. एकाला तिनं काहीतरी विचारलं, तो मान खाली घालून "बरी आहे" अशा अर्थाचं पुटपुटला. नंतर मला कळलं, तिनं त्याच्या मुलीच्या बाळंतपणाचं विचारलं होतं. तिच्याच खटपटीनं मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली होती त्या पोरीला.

खोलीत कपबशीचा तेवढा आवाज.

कागद अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नव्हता. त्या रांगेत एक धोतरवाला म्हातारा होता. सरोजा त्याला काका म्हणायची, तिच्या सासऱ्याचा मावसभाऊ. तिनं त्याच्यापुढं कप धरला. त्यानं कप घेतला, खाली ठेवला, आणि उठला. कुणाकडं न बघता, मागच्या जिन्यानं नव्हे, सरळ दिवाणखान्यातनं, बायकांमधनं चालत बाहेर गेला. त्याची बायको तिकडनं उठल्याचं बांगड्यांवरनं कळलं. मग शेजारचा उठला. मग आणखी एक. पेंढारकर त्यांच्यामागं पळाले आणि हात हलवत परत आले. टेबलाशी वाकून ह्यांना म्हणाले, मराठीत, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून:

"साहेब, एकोणतीस लागतात. एक कमी पडतोय."

मी चार हातांवर उभी होते.

शेवटचा कप उरला. तो सरोजानं ह्यांच्यापुढं ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "आज सोमवार व्हय?"

ह्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. फटके खाताना ज्या माणसानं जेलरच्या डोळ्याला डोळा भिडवला असं सगळा जिल्हा सांगतो, त्यानं कपाकडं बघितलं.

दारातनं जाताना ती माझ्याजवळ थांबली.

"पत्रिका माझ्याच हातानं लिहिल्या गेल्या, आक्का. फाटकासाठी फोनसुद्धा मीच केला."

"मला ठाऊक नव्हतं, सरोजा."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि गेली. पोर्चमधनं तिची गाडी निघाल्याचा आवाज आला. आत बायकांनी गूळ तिथंच ठेवून चपला शोधायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओनं सांगितलं. एकतीस आमदारांनी राज्यपालांसमोर स्वतः हजर राहून, सह्या करून पाठिंबा काढला. सरकार बरखास्त. दहा वाजता त्याच दरबार हॉलात नव्या माणसाचा शपथविधी. आदल्या दिवशीच्या कपांचे डाग पुसून तेच हिरवं कापड.

पाहुणे गेल्यावर मी ह्यांना गाठलं.

"एकतीस कुठनं आले?"

"फाटकातनं आत आले ते एकतीसच होते."

"सह्या विचारतीय मी. त्या तिघांच्या कुणी केल्या?"

"अनसा, कागदावर एकतीस आहेत."

"पेंढारकरांना पाच लिप्या येतात हे मला ठाऊक होतं. असं काम पडेल हे ठाऊक नव्हतं."

हे म्हणाले, "दोन-चार दिवसांत ते तिघंही येतील. मग खरंखोटं काय राहिलं?"

लबाडी करणारा लबाड असतो, ते मी समजू शकते. पण लबाडी उद्या खरी होणार आहे म्हणून आज ती लबाडीच नाही, असं सांगणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, आणि तो माझा नवरा होता.

रविवारी मी कोल्हापूरला निघाले. वर्तमानपत्रात आलं, राज्यपालांच्या पत्नी प्रकृतीच्या कारणास्तव गावी. माझी प्रकृती ठणठणीत होती. ह्यांची तीन वर्षं उरली होती, मी त्या राजभवनात परत पाऊल टाकलं नाही. लोकांना वाटतं मी फार मोठं केलं. मलाही कितीतरी दिवस तसंच वाटत होतं.

सरोजाच्या नवऱ्यानं कोर्टात दावा लावला. त्याचं म्हणणं एकच, सह्या एकतीस नव्हत्याच. उठून गेलेल्या तिघांपैकी दोघं तोवर मंत्री झाले होते आणि आम्ही सही केली असं छातीला हात लावून सांगत होते. तिसरा काका. तो खरं सांगत होता, पण नात्यातला म्हणून त्याचं कोण ऐकणार? खोलीत बाकीचे होते ते सगळे सह्या केलेले. अंतोनची बदली कुठं झाली कुणाला माहीत. राज्यपालाला कोर्टात ओढता येत नाही, असं म्हणतात. राज्यपालाच्या बायकोला येतं.

हे स्वतः कोल्हापूरला आले. बरोबर तांबड्या दिव्याची गाडी, ती बोळात शिरेना म्हणून कोपऱ्यावर ठेवून चालत आले. स्वयंपाकघरात पाटावर बसले. दोन भाकरी खाल्ल्या, बोटांनी. पाणी प्याले.

"सरोजा येईल," हे म्हणाले.

"येऊ दे."

"बेचाळीसपासनं कमावलेलं नाव आहे. तू तोंड उघडलंस तर राहत नाही."

"राहायला हवं होतं तर जपायचं."

"माझं जाऊ दे. पोरांना हेच नाव लावायचंय."

 मी काही कबूल केलं नाही. हे उठले, टोपी घातली, गेले. मी मनाशी पक्कं केलं होतं, ती आली आणि तिनं विचारलं तर सांगायचं. जे होतं ते सांगायचं.

चौथ्या दिवशी सरोजा आली. वाळून गेली होती. वकील बाहेरच्या सोप्यात बसला, ती आत आली, माझ्यासमोर सतरंजीवर बसली. घरात माझे दोन्ही मुलगे होते. थोरल्याला त्या वर्षी जिल्हा परिषदेचं तिकीट मिळणार होतं. तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा. सुना माजघरात, कान इकडं.

"आक्का, मी काही मागायला आले नाही," सरोजा म्हणाली. "एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तुम्ही दाराशी उभ्या होता. तुमच्या घरात वाटीसुद्धा मोजल्याशिवाय जागेवर जात नाही, हे मला ठाऊक आहे. सह्या किती झाल्या?"

मी तोंड उघडलं. आकडा जिभेवर होता. थोरल्यानं चौकटीवरचा हात काढला आणि माझ्याकडं बघितलं. अगदी बापाचा चेहरा.

"मी आपली चुलीपाशी होते, बाई," मी म्हणाले. "मला काय कळतंय त्या राजकारणातलं."

मी म्हणाले हे. जन्मभर मी ज्या बायकांना हे वाक्य बोलल्याबद्दल चारचौघांत झापलं, त्यांच्यापैकी एकीनंही ते माझ्याइतकं सराईतपणे म्हटलं नसेल.

 सरोजा उठली, पदर नीट केला.

"त्या दिवशी दारात तुम्ही म्हणालात, मला ठाऊक नव्हतं. मला ते पटलं होतं, आक्का. घरी जाऊन आमच्या ह्यांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, खुळी आहेस, नवरा-बायको मिळून केलंय. दीड महिना मी त्यांच्याशी भांडत होते." तिनं चपला घातल्या. "आता नाही भांडणार."

दावा फेटाळला गेला. तिचा नवरा पुन्हा निवडून आला नाही. थोरल्याला तिकीट मिळालं, तो निवडून आला, आता त्याचाही मुलगा उभा राहतो.

ह्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. यंदा जन्मशताब्दी म्हणून ह्यांच्यावर एक जाडजूड पुस्तक काढलंय. नातसुनेनं मला वाचून दाखवलं. त्यात एक पानभर तो शुक्रवार आहे. दबावाला न जुमानता, कर्तव्यकठोर राज्यपालांनी एकतीस लोकप्रतिनिधींच्या सह्या प्रत्यक्ष पडताळून घटनेची बूज राखली, असं लिहिलंय. खाली माझा फोटो आहे. सावलीसारखी साथ देणारी पत्नी, असं माझ्या नावापुढं. प्रकाशनाला मी व्यासपीठावर बसावं अशी पोरांची इच्छा आहे. थोरला म्हणाला, "आई, तू बोलू नकोस, नुसता पुस्तकाला हात लाव."

हात मी लावणार नाही. सह्या अठ्ठावीस झाल्या. मी दाराशी उभी राहून मोजल्या होत्या, आणि तिनं विचारलं तेव्हा सांगितल्या नाहीत.